कर्ता कोठे गेला?



वसंत व्याख्यानमालेत व्याकरणावर बोलण्याचे आम्ही पत्करले, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला सावध केले. ते म्हणाले, "अहो, वैशाखातली संध्याकाळ, पनवेलचा उकाडा; लोक दोन घटका वाऱ्याला म्हणून येऊन बसणार आणि त्यांना तुम्ही कर्मणी प्रयोग ऐकवणार? निम्मे झोपतील, निम्मे उठून जातील." आम्ही त्यांना म्हटले, "झोपणारे आणि उठून जाणारे, दोघेही कर्तरी प्रयोगातच राहतील. त्यांना झोपवले गेले असे कोणी म्हणणार नाही." स्नेही हसले, पण आमच्या आजच्या विषयाचे बीज या थट्टेतच आहे. झोपणे निराळे आणि झोपवले जाणे निराळे. पहिल्यात माणूस स्वतः काही करतो, दुसऱ्यात त्याचे कोणीतरी काही करतो. आणि तो 'कोणीतरी' कोण, हे सांगायचे की झाकायचे, हे वाक्य रचणाऱ्याच्या हातात असते. आज आम्हांला बोलायचे आहे ते या झाकण्याविषयी.

प्रारंभ इंग्रजीपासून करू. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला घेऊन ज्यांनी इंग्रजीशी झटापट केली, त्यांना एक अडचण आठवत असेल. इंग्रजीत क्रियापदापासून विशेषणासारखी दोन रूपे होतात. एक 'इंग'वाले, दुसरे 'एड'वाले किंवा 'रिटन', 'बिल्ट', 'ब्रोकन' अशा वेड्यावाकड्या रूपाचे. संस्कृत व्याकरणात अशा रूपांना कृदन्त म्हणतात, मराठीत आपण धातुसाधित म्हणतो. सामान्यतः पहिले रूप करणाऱ्याचे वर्णन करते, दुसरे ज्याच्यावर क्रिया घडली त्याचे. हा भेद न कळलेला एखादा विद्यार्थी तासाला कंटाळून मोठ्या नम्रतेने उभा राहतो आणि म्हणतो, "सर, आय ॲम बोअरिंग." त्याला म्हणायचे असते की मी कंटाळलो आहे, म्हणतो मात्र, मी कंटाळवाणा आहे. शिक्षकांनी रागवावे की सहानुभूती दाखवावी, हा प्रश्नच असतो.

आता या दुसऱ्या रूपाची गंमत पाहा. 'बिल्ट ऑफ स्टोन, द हाऊस इज कूल' असे वाक्य घ्या. दगडाने बांधलेले असल्यामुळे घर थंड आहे. यात 'बिल्ट' हे एकच रूप येते, आणि आपण कर्मणीत आहोत याची दवंडी न पिटता ते सगळा कर्मणी अर्थ आपल्या पोटात घेऊन बसते. क्रिया आधी पुरी झाली हे स्पष्ट करायचे असेल तर 'हॅविंग बीन बिल्ट' म्हणतात; ती चालू आहे असे दाखवायचे असेल तर 'बीइंग बिल्ट' म्हणतात. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. बांधले कोणी, हे सांगण्याची सक्ती नाही. सांगायचेच असेल तर 'बाय' लावून शेवटी सांगावे. न सांगितल्यास वाक्याचे काही बिघडत नाही. 'फॉलन लीव्ह्ज', 'रिटायर्ड ऑफिसर' असे काही अपवाद आहेत. पाने आपली आपण गळतात आणि अंमलदार वय झाले की निवृत्त होतो, तेथे कर्मणी अर्थ नाही. पण सकर्मक धातूंच्या बाबतीत नियम हाच.

इंग्रजीलाही हे सगळे जन्मतः येत होते असे मात्र नाही. घर बांधले जात आहे, या अर्थी अठराव्या शतकातला इंग्रज 'द हाऊस इज बिल्डिंग' असे खुशाल म्हणे. 'इज बीइंग बिल्ट' ही रचना त्या शतकाच्या अखेरीस पुढे आली आणि एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक इंग्रज पंडितांनी तिच्यावर कुरूपतेचा ठपका ठेवला. आज ती इतकी रुळली आहे की जुनीच रचना चुकीची वाटते. तेव्हा भाषेत नवे काही आले म्हणून लगेच कपाळाला हात लावण्याचे कारण नाही, हे आम्ही आरंभीच कबूल करतो.

आता घरी येऊ. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आपणा सर्वांना माहीत आहे. हेच वाक्य आमचे उदाहरण. 'रानड्यांनी सुरू केलेली व्याख्यानमाला.' यात 'सुरू केलेली' हे धातुसाधित आहे, अर्थाने ते कर्मणीच आहे; पण रानडे कोठे गेले? ते गेले नाहीत. ते क्रियेच्या अगदी आधी, तृतीयेचा प्रत्यय लावून, मानाने बसले आहेत. इंग्रजीत त्यांना 'बाय'चा हात धरून मागाहून यावे लागले असते. मराठीच्या 'लेला' प्रत्ययात कर्त्यासाठी खुर्ची मांडलेलीच असते. 'आईने शिवलेली गोधडी', 'आजोबांनी लावलेला आंबा', 'सुताराने केलेला पाट' – आपण बोलतो ते असे.

याचे मूळ फार जुने आहे. 'रामाने आंबा खाल्ला' हे आपले रोजचे भूतकाळी वाक्य. यातला 'रामाने' तृतीयेत का? 'खाल्ला' आंब्याप्रमाणे का बदलतो? कारण हे वाक्य संस्कृतातल्या कर्मणी धातुसाधितातून उतरले आहे. रामाकडून आंबा खाल्लेला आहे, अशी त्याची मूळची ठेवण. म्हणजे इंग्रजीत जे रूप वाक्याच्या कडेला गौण म्हणून राहिले, ते मराठीत वाक्याच्या मध्यभागी येऊन प्रमुख क्रियापद झाले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले आणि मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली आले. तेव्हापासून आजवर प्रयोगविचार हा आमच्या वैयाकरणांच्या वादाचा आवडता आखाडा राहिला आहे. त्या आखाड्यात आम्ही आज उतरत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की मराठीने कर्मणी रचना उचलली, पण उचलताना कर्त्याला सोडले नाही.

जुन्या मराठीत आणखी एक कर्मणी होती. 'कीजे', 'बोलिजे', 'जाणिजे' अशी तिची रूपे. व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत तिला पुराण कर्मणी म्हणतात. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'जाणिजे' असे येते ते हेच. ही रचना मेली असे आपण समजतो. पण तिची दोन लेकरे आपल्या तोंडात अहोरात्र खेळत असतात. 'म्हणजे' हे मूळचे 'म्हणिजे', म्हणजे 'म्हटले जाते'. आणि 'पाहिजे' हे मूळचे 'पाहिले जाते', त्यावरून 'हवे असते'. मंडईत 'पाव किलो भेंडी पाहिजे' म्हणणारी गृहिणी सातशे वर्षांपूर्वीचा कर्मणी प्रयोग करीत असते, आणि भाजीवाल्याला तो बिनचूक समजतो!

मराठीची दुसरी एक श्रीमंती आहे, तिच्याकडे आमचे इंग्रजी शिकलेले बांधव दुर्लक्ष करतात. इंग्रजीत 'ब्रोकन' म्हटले की तुटलेले आणि तोडलेले दोन्ही झाले. मराठीत तसे चालत नाही. पडलेली भिंत वेगळी, पाडलेली भिंत वेगळी. जळलेले घर वेगळे, जाळलेले घर वेगळे. फुटलेला बांध आणि फोडलेला बांध यांत शेजाऱ्याशी सलोखा आणि कोर्टकचेरी एवढे अंतर आहे. एका काना-मात्रेने मराठी माणूस सांगतो की या क्रियेमागे कोणाचा हात आहे की नाही. उठलेले गाव आणि उठवलेले गाव, बुडालेली जमीन आणि बुडवलेली जमीन – हा फरक आमच्या भाषेने शतकानुशतके जपून ठेवला आहे.

असे असता हल्ली आमच्या वाक्यांतून कर्ता नाहीसा का होऊ लागला?

या ठिकाणी एक अनुभव सांगतो. आम्ही तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी एक वृद्ध शेतकरी हातात कागद घेऊन आमच्या ओसरीवर आले. रस्त्याच्या रुंदीकरणात त्यांच्या जमिनीची एक पट्टी जायची होती. नोटीस मराठीत होती. पण तिचा साचा इंग्रजी होता, हे पहिल्या ओळीतच कळत होते. मजकूर साधारण असा: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, खाली नमूद केलेली जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी आवश्यक असल्याचे आढळून आल्यामुळे तिचे संपादन करण्याचे ठरविण्यात आले असून, हरकती विहित मुदतीत दाखल न केल्यास त्या विचारात घेतल्या जाणार नाहीत.' यातले 'आवश्यक असल्याचे आढळून आल्यामुळे' हे 'हॅविंग बीन फाउंड नेसेसरी'चे पिल्लू आहे, हे सांगायला नकोच.

आम्ही दोनदा वाचून दाखवले, सोप्या भाषेत सांगितले. म्हातारबाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गुरुजी, समजलं. जमीन घेतली जानार. पन घेनार कोन?"

आम्ही पुन्हा कागदाकडे पाहिले आणि आम्हांला उत्तर देता येईना. खाली एक सही होती, ती वाचता येत नव्हती. शिक्का होता, तो पुसट होता. बाबा त्याआधी दोन कचेऱ्यांत जाऊन आले होते. दोन्हीकडे त्यांना, हे आमच्याकडचे नव्हे, असे सांगून परत पाठवले होते. आणि मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

त्या रात्री आम्ही कंदिलाजवळ बसून त्या वाक्याची चिरफाड केली. कळविणे, नमूद करणे, आढळणे, संपादन करणे, ठरविणे, मुदत विहित करणे आणि हरकती विचारात न घेणे, अशा सात क्रिया त्यात होत्या. 'विहित' हा शब्द तत्सम म्हणून निमूट बसलेला दिसतो, पण तेही संस्कृतातले कर्मणी धातुसाधितच. कोणीतरी ठरवून दिलेली मुदत. साती क्रियांना कर्ता नाही. वाक्यात आठवी क्रिया होती हरकत दाखल करण्याची. तिचाही कर्ता लिहिलेला नव्हता, पण तो कोण हे मात्र स्पष्ट होते. तो आमच्या समोर बसला होता. म्हणजे ज्याने काही करायला हवे असा उभ्या वाक्यात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे ज्याची जमीन जाणार होती तो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांबरोबर निघालो. प्रत्येक टेबलापाशी एकच प्रश्न विचारायचा असे ठरवले होते: "हे ठरविण्यात आले आहे, ते ठरवले कोणी?" तिसऱ्या दिवशी दुपारी योग्य टेबल सापडले आणि हरकत मुदतीत दाखल झाली. हरकतीचा मसुदा बाबांनी स्वतः सांगितला. त्याचा आरंभ होता, 'मी हरकत घेतो की'. इतके सरळ कर्तरी वाक्य त्या कचेरीत त्या दिवशी दुसरे कोणी लिहिले नसावे.

बाबांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हे आम्हांला मागाहून उमगले. त्यांनी जन्मभर जे कागद पाहिले होते ते खरेदीखते आणि गहाणखते. खरेदीखताच्या डोक्यावर काय असते? 'लिहून घेणार' अमुक, राहणार अमुक. 'लिहून देणार' अमुक, राहणार अमुक. मग, 'कारणे खरेदीखत लिहून देतो की'. आजही आपण हीच रीत पाळतो. हे 'घेणार' आणि 'देणार' म्हणजे कर्तरी धातुसाधिते. आणि दस्तऐवजात ती पक्षकारांची जणू नावेच होऊन बसली आहेत. जमिनीच्या व्यवहारात आधी माणसे उभी करायची, मग क्रिया सांगायची, ही मराठी कागदाची परंपरा. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाने नोटीस ऐकून 'घेणार कोण' असे विचारले, तर त्याने व्याकरणाचाच प्रश्न विचारला होता.

आता कोणी म्हणेल, हे सरकारी मराठीचे रडगाणे जुने झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच साली भाषा संचालनालय निघाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. कारभार मराठीत आला. हे सर्व इष्टच झाले आणि त्यामागे पुष्कळांचे कष्ट आहेत. परंतु शब्द मराठी झाले तरी वाक्यांचा सांगाडा पुष्कळदा इंग्रजीच राहिला. त्यातही 'करण्यात येत आहे' ही रचना विशेष सोयीची ठरली. 'लेला'मध्ये कर्त्याची खुर्ची असते, हे आपण पाहिले. 'नमूद केलेली जमीन' येथे ती रिकामी ठेवली होती, एवढेच. 'आम्ही नमूद केलेली' असे म्हणून ती भरता येते. पण 'सरकारने करण्यात येत आहे' असे मराठीत म्हणता येत नाही. येथे खुर्चीच काढून घेतली आहे. फार तर 'कडून' किंवा 'तर्फे' असे एखादे स्टूल मिळते. 'रावण रामाकडून मारला गेला' अशा वाक्यांना व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या धर्तीवर आली असे सांगतात. रामाने रावणाला मारले, असे म्हणण्यात रामालाही संकोच नव्हता आणि मराठीलाही!

परंतु कर्मणी म्हणजे लबाडी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो अन्याय होईल. आपल्या शेजारच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ साली पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले. येथे 'पकडले गेले' हेच योग्य. पकडणारे कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपले लक्ष फडक्यांवर आहे. आपली नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि २०१६ साली तिची महानगरपालिका झाली, असे म्हणण्यातही कोणी काही लपवीत नाही. कर्ता सर्वांना ठाऊक असेल, किंवा तो कोण याला महत्त्व नसेल, तर त्याला वगळणे हा उपचार आहे. पण कर्ता कोण हाच जेथे प्रश्न आहे, तेथे त्याला वगळणे हे उत्तर टाळणे आहे.

या परिसराला याची किंमत ठाऊक आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतल्या गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. १६ आणि १७ तारखेला जासई-नवघर परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जणांचे प्राण गेले. आम्ही हे वाक्य मुद्दाम असे म्हटले. 'गोळीबार झाला' असेही म्हणता येते, आणि आपण सगळे तसेच म्हणतो. पाऊस झाला, उशीर झाला, गोळीबार झाला! बंदूक आपोआप उडत नाही, एवढे तरी मराठी माणसाने वाक्यातून विसरू नये. त्या दिवशी कोणाचे किती चुकले, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण निवाडा कोणाचाही असो, आधी कर्ता लागतो. कर्त्याविना न्याय करता येत नाही.

शेवटी एक छोटे साधन आपल्या हाती देतो आणि रजा घेतो. मराठीत 'ऊन' प्रत्ययाचे धातुसाधित असते: करून, तपासून, पाहून. त्याचा नियम संस्कृतापासून चालत आला आहे. 'ऊन'चा कर्ता आणि पुढच्या मुख्य क्रियेचा कर्ता एकच असावा लागतो. 'घरी जाऊन पाऊस आला' असे आपण म्हणत नाही. पाऊस काही घरी गेला नव्हता. 'त्याला जाऊन दहा वर्षे झाली' अशी काळ मोजण्याची वाक्ये तेवढी अपवाद. आता आपल्या हाती एक पत्र येते: 'सर्व कागदपत्रे तपासून निर्णय देण्यात येईल.' येथे दोन्ही क्रियांचे कर्ते झाकले आहेत. पण 'ऊन' चुगली करतो! तो सांगतो की, जो निर्णय देणार त्यानेच कागद तपासायचे आहेत. तेव्हा ज्याची निर्णयाखाली सही असेल त्याला आपण विनयाने विचारू शकतो, "साहेब, आपण स्वतः तपासलेत ना?" लिहिणाऱ्याने कर्ता पुसला तरी व्याकरण त्याचा पत्ता ठेवते. तो पत्ता वाचता आला पाहिजे, इतकेच.

आणि हा नियम फक्त कचेरीला लावायचा असे नाही. घरात दुधाचे पातेले उतू जाते तेव्हा 'दूध उतू गेले' म्हणतो. हातून कप फुटला की 'कप फुटला' म्हणतो. मुलाला मारले आणि मागाहून वाईट वाटले की 'हात उठला गेला' म्हणतो. आपल्यातला प्रत्येकजण आपल्या पुरता एक लहानसा अंमलदार असतो. म्हणून घरी जाऊन आजच्या दिवसात आपण बोललेली चार वाक्ये आठवावीत आणि प्रत्येकाला बाबांचा प्रश्न विचारावा. जेथे उत्तर 'मी' असे येईल, तेथे ते वाक्यात घालावे.

आज जे बोललो त्यात काही चुकले असेल, तर 'काही चुका राहून गेल्या' असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही चुकलो, असेच म्हणू.